लारेडोहून गाडीने मेक्सिको सिटी : आई-बाबांना घेऊन जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसमधलं एक मराठी कुटुंब, नवरा-बायको दोघंही एच-1बीवर, दोन शाळकरी मुलं, आणि नाशिकहून व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा. डिसेंबरच्या सुट्टीत स्वतःच्या सात सीटच्या एसयूव्हीने टेक्सासच्या टोकाच्या लारेडोला सीमा ओलांडायची, मॉन्तेरे, सान लुइस पोतोसी, ग्वानाह्वातो असं करत मेक्सिको सिटी गाठायची आणि त्याच रस्त्याने परतायचं. हे सुरक्षित आहे का?

हा प्रवास गाडीने करू नका. मेक्सिको सिटी बघा, ग्वानाह्वातोच्या गल्ल्या आई-बाबांना जरूर दाखवा, पण विमानाने जा. लारेडो ते मॉन्तेरे या पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या वाहतुकीची सुरक्षा बघणं हे माझं काम आहे. कोणता ट्रक किती वाजता निघेल, कुठे थांबेल, कुठे अजिबात थांबणार नाही, हे रोज ठरवावं लागतं. त्यामुळे ‘मेक्सिको धोकादायक आहे का’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नाही. कोणता रस्ता, त्याचा कोणता तुकडा आणि दिवसाची कोणती वेळ, एवढं सांगितलंत तर मात्र बरंच काही सांगता येतं.

पहिला तुकडा लारेडोच्या पुलापलीकडचा. नुएव्हो लारेडो हे शहर तामाउलिपास राज्यात येतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं मेक्सिकोतल्या प्रत्येक राज्याला वेगळी पातळी देतं, आणि तामाउलिपास कित्येक वर्षं सर्वांत वरच्या चौथ्या पातळीवर, म्हणजे ‘जाऊ नका’ या यादीत आहे. त्याला लागून असलेलं नुएव्हो लेओन, ज्यात मॉन्तेरे येतं, ते मात्र दुसऱ्या पातळीवर. तुमच्या वाटेत दोन्ही येतात, आणि धोक्याचं राज्य नेमकं सुरुवातीलाच. मार्च 2022 मध्ये नुएव्हो लारेडोतल्या गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याला लष्कराने पकडलं, त्या रात्री शहरभर गाड्या पेटवून रस्ते अडवले गेले, अमेरिकन वकिलातीच्या इमारतीवर गोळ्या लागल्या आणि सीमेवरचे पूल काही काळ बंद राहिले. अशा वेळी तुम्ही पुलावर रांगेत असाल तर परत फिरता येतं. शहराच्या मध्यात असाल तर येत नाही.

तिथून मॉन्तेरेपर्यंतचा रस्ता साधारण सव्वादोनशे किलोमीटरचा. 2021 मध्ये याच रस्त्यावर डझनावारी माणसं बेपत्ता झाली. त्यांत ट्रकचालक होते, टॅक्सीवाले होते, कुटुंबंही होती. नातेवाइकांनी आवाज उठवल्यावर गस्त वाढली आणि परिस्थिती सुधारली, हेही खरं. आमचे ट्रक तिथून रोज जातात. पण ते उजेडात जातात, प्रत्येक गाडीवर जीपीएसची नजर असते, ठरलेल्या ठिकाणाशिवाय चालक थांबत नाही, आणि सकाळी रस्त्याची खबर घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. मुलाला मध्येच शू लागली, बाबांना चहा हवा झाला, तर तुम्हाला थांबावंच लागणार. कुटुंबाच्या प्रवासात ही शिस्त पाळता येत नाही, आणि पाळता यावी अशी अपेक्षाही नसावी.

डिसेंबरमध्ये टेक्सासमधून गावी जाणारे मेक्सिकन लोक हा रस्ता कसा पार करतात ते पाहा. केरेतारोच्या डोंगरातल्या हाल्पान गावाकडे जाणारे लोक दरवर्षी लारेडोला जमतात आणि पहाटे शेकडो गाड्यांचा ताफा करून, मेक्सिकोच्या नॅशनल गार्ड या संघीय दलाच्या बंदोबस्तात निघतात. ज्यांची भाषा तीच, ज्यांना प्रत्येक वळण पाठ आहे, ती माणसं एकेकटी जायला धजत नाहीत. मला वाटतं, याहून स्पष्ट सल्ला कुठल्याही सरकारी पानावर मिळणार नाही.

नुएव्हो लेओन राज्याला अमेरिकेच्या सीमेची एक चिंचोळी पट्टी लाभलेली आहे. तिथे कोलंबिया नावाचा पूल आहे, लारेडोच्या वायव्येला. त्या पुलावरून गेलं की नुएव्हो लारेडो शहरात शिरावं लागत नाही. राज्य सरकारने तिथून मॉन्तेरेच्या महामार्गाला जोडणारा रस्ता आपल्याच हद्दीतून बांधायला घेतला तो याच कारणासाठी. फक्त मॉन्तेरेपर्यंत जायचं असेल, नोकरीनिमित्त जावंच लागत असेल, तर सकाळी लवकर, कोलंबियावरून, एका दमात, असं मी सहकाऱ्यांना सांगतो. तुमचा बेत त्याच्या पुढे आणखी आठ-नऊशे किलोमीटरचा आहे.

मॉन्तेरे-साल्तियोच्या पुढे 57 क्रमांकाचा महामार्ग लागतो. मेक्सिकोच्या व्यापाराचा हा कणा, आणि म्हणूनच मालवाहू ट्रकांच्या लुटीसाठीही कुप्रसिद्ध. सान लुइस पोतोसी राज्यात मातेवाला नावाचं गाव लागतं. एप्रिल 2023 मध्ये ग्वानाह्वातोहून साल्तियोकडे निघालेल्या दोन व्हॅनमधल्या वीसहून अधिक प्रवाशांना याच भागात पळवून नेण्यात आलं. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा त्यांच्याबरोबर ओलीस ठेवलेले बरेच स्थलांतरितही सापडले. पळवणाऱ्यांनी त्या व्हॅन स्थलांतरितांच्या समजून अडवल्या असाव्यात, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. आपल्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. भारतीय चेहऱ्यांनी भरलेली, अमेरिकन पाटीची मोठी गाडी त्या रस्त्यावर दोन कारणांनी नजरेत भरते. एक तर गाडीच हवी असते. मोठ्या एसयूव्ही आणि पिकअप यांना टोळ्यांत मागणी असते. दुसरं, दक्षिणेतून अमेरिकेकडे जाणाऱ्या परदेशी लोकांना पळवून त्यांच्या नातेवाइकांकडून डॉलर उकळण्याचा धंदा तिथे जुना आहे. ऑगस्ट 2010 मध्ये तामाउलिपासमधल्या सान फेर्नांदोला 72 स्थलांतरितांची हत्या झाली, तेव्हा ओळख पटलेल्यांत एक भारतीयही होता.

रात्रीबद्दल वेगळं लिहावंच लागेल, कारण परतीच्या दिवशी लोक इथेच घसरतात. सुट्टी संपत आलेली असते, सोमवारी ऑफिस असतं, ‘अजून दोन तास ओढू, सीमा गाठू’ असं वाटतं. जानेवारी 2020 मध्ये नाताळची सुट्टी संपवून ओक्लाहोमाला परतणाऱ्या एका कुटुंबाच्या गाडीवर तामाउलिपासमधल्या सिउदाद मिएर गावाजवळ गोळीबार झाला. त्यात 13 वर्षांचा मुलगा गेला. तो रस्ता सीमेला समांतर धावतो आणि त्यावर दोन टोळ्यांची जुनी चढाओढ आहे. नकाशाचं ॲप मात्र त्याला एक साधा पिवळा रस्ता म्हणून दाखवतं आणि बारा मिनिटं वाचतील असं सांगतं. मेक्सिकोत ॲपने सुचवलेला ‘जवळचा मार्ग’ डोळे झाकून कधीही घेऊ नका. अमेरिकन सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना तिथे अंधार पडल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात रस्त्याने जायची सहसा परवानगी नसते. ज्यांच्याकडे चिलखती गाड्या आहेत त्यांनाही हा नियम लागू आहे.

रात्रीच्या भीतीत टोळ्यांचा वाटा कमी आणि रस्त्याचा जास्त, हेही सांगतो. रंग न मारलेले उंच गतिरोधक, दिवे नसलेला ट्रॅक्टर, महामार्गावर बसलेली गुरं, एकामागे एक दोन ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक. मेक्सिकोत दोन प्रकारचे महामार्ग असतात. ‘कुओता’ म्हणजे टोलचा आणि ‘लिब्रे’ म्हणजे फुकटचा. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि खालचा जुना हमरस्ता, तसं समजा. टोल वाचवायला लिब्रे घेऊ नका. टोलच्या रस्त्यावर वर्दळ असते, गस्त असते आणि टोलच्या पावतीत काही प्रमाणात विमाही असतो. पावती जपून ठेवा आणि सुटे पेसो जवळ बाळगा. पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात. ‘पुढे जा, रस्ता मोकळा आहे’ हा एक, आणि ‘मी डावीकडे वळतोय’ हा दुसरा. खात्री नसेल तर मागेच राहा.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, विमा. अमेरिकेतली तुमची कार पॉलिसी मेक्सिकोत चालत नाही. काही पॉलिसींत सीमेलगतच्या पट्ट्यापुरतं स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळतं, पण समोरच्याला द्यायची नुकसानभरपाई मेक्सिकन कंपनीच्याच पॉलिसीतून जावी लागते, आणि संघीय महामार्गावर ती कायद्याने सक्तीची आहे. ऑनलाइन, दिवसाच्या हिशेबाने मिळते. मी निदान 3 लाख डॉलरची लायबिलिटी घ्यायला सांगतो, आणि तिच्यात वकील व जामिनाची सोय आहे ना, हे आधी वाचायला सांगतो. कारण तिथे अपघातात कुणी जखमी झालं तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवता येतं. चूक तुमची नसली तरी. आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरला साल्तियोबाहेर असाच अनुभव आला. धडक किरकोळ होती, समोरच्या माणसाच्या खांद्याला मार लागला, आणि पॉलिसीत वकिलाची सोय नसल्याने त्याची रात्र कोठडीत गेली. गाडीत वृद्ध आई-बाबा आणि मुलं असताना चालवणारा एकटा ताब्यात गेला, तर पुढे काय, हे घरातल्या दोघांनी निघण्यापूर्वी बोलून घ्यायला हवं.

सीमेपासून साधारण पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यापलीकडे गाडी न्यायची तर तात्पुरता आयात परवाना लागतो. तो बान्हेर्सितो ही लष्करी बँक देते, ऑनलाइनही मिळतो. 2007 किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या गाडीला 400 डॉलर अनामत ठेवावी लागते. परत येताना तिथेच थांबून परवाना रद्द केला नाही तर अनामत जाते आणि पुढच्या वेळी परवाना मिळायला अडचण येते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र लागतं. भाड्याची गाडी असेल तर कंपनीची लेखी परवानगी हवी, आणि बहुतेक कंपन्या ती देतच नाहीत.

गाडीत बंदुकीची एकही गोळी नको. टेक्सासमध्ये मित्राची गाडी उसनी घेतली आणि सीटखाली काडतूस निघालं, तर ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. 2014 मध्ये एक माजी अमेरिकन मरीन स्वतःच्या बंदुका गाडीत असताना चुकीच्या वळणाने मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआनात शिरला आणि सात महिने तुरुंगात राहिला. गाडी पूर्ण रिकामी करून बघा. इ-सिगारेटही नेऊ नका, तिची आयात बंद आहे.

रस्त्यात अडवलं तर? लष्कर किंवा नॅशनल गार्डचा नाका असेल तर वेग कमी करा, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या, आणि थांबा. घाबरून पळ काढण्याचा विचार नको. फेब्रुवारी 2023 मध्ये नुएव्हो लारेडोत सैनिकांनी एका पिकअपवर गोळ्या झाडल्या आणि पाच तरुण गेले, ते निःशस्त्र होते. गणवेश नसलेल्या हत्यारी माणसांनी अडवलं तरी माझा सल्ला तोच आहे. गाडी मागितली, किल्ली द्या. फोन मागितला, द्या. 2024 मध्ये बाहा कॅलिफोर्नियात सान्तो तोमासजवळ दोन ऑस्ट्रेलियन भाऊ आणि त्यांचा अमेरिकन मित्र मारले गेले. तपासयंत्रणेच्या म्हणण्यानुसार चोरांना त्यांच्या गाडीची चाकं हवी होती आणि त्यांनी प्रतिकार केला. पुढे धूर दिसला, आडवा लावलेला पेटता ट्रक दिसला, तर फोटो काढायला थांबू नका. सुरक्षितपणे वळता येत असेल तर वळा आणि मागच्या टोलनाक्यावर किंवा मोठ्या पेट्रोल पंपावर थांबा.

वाहतूक पोलिसाने खोट्या कारणाने पैसे मागितले तर आवाज न चढवता दंडाची पावती मागा आणि ‘ठाण्यात येऊन भरतो’ म्हणा. बऱ्याचदा तिथेच विषय संपतो. नाही संपला, तर रक्कम छोटी असते आणि मुलं मागे बसलेली असतात. तत्त्वासाठी भांडायची ती जागा नाही. गाडी बंद पडली तर पर्यटन खात्याची हिरव्या गाड्यांची पथकं आहेत, 078 वर फोन करायचा. मदत फुकट, सुट्या भागांचे पैसे द्यावे लागतात. पण ती मदत दिवसाची आहे. आणीबाणीत 911 तिथेही चालतो.

कागदपत्रांचा धोका बंदुकीच्या धोक्याइतका भीतीदायक वाटत नाही, पण आपल्या लोकांची सुट्टी जास्त वेळा तोच बिघडवतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू, अनेक-प्रवेशी व्हिसा शिक्का असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे त्यांचा प्रश्न मिटला. तुमच्या दोघांच्या एच-1बीचं स्टॅम्पिंग संपलेलं असेल, हातात फक्त आय-797 (एच-1बी मंजुरीचं पत्र) असेल, तर मेक्सिकोत शिरायलाच मेक्सिकोचा व्हिसा लागेल. परत येताना 30 दिवसांच्या आतल्या मेक्सिको प्रवासासाठी संपलेल्या शिक्क्यावरही परत येऊ देणारी अमेरिकेची आपोआप फेरवैधतेची सवलत आहे, पण त्यासाठी आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू हवा आणि तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नको. निघण्यापूर्वी आय-94 छापून घ्या. आणि एक समजूत खोडून काढतो. मेक्सिकोत चार दिवस जाऊन आल्याने आई-बाबांचे सहा महिने नव्याने सुरू होत नाहीत.

मेक्सिकोत शिरताना इमिग्रेशनच्या खिडकीवर थांबून प्रवेशाची नोंद करून घ्या, कुणी हाक मारली नाही तरी. जमिनीवरून जाणाऱ्याला 7 दिवसांपर्यंत फी नसते. नोंद नसेल तर आतल्या नाक्यावर तुम्ही बेकायदा ठरता. अमेरिकेत परतल्यावरही तपासणी संपत नाही. लारेडोच्या उत्तरेला आय-35 वर साधारण 29 मैलांवर बॉर्डर पेट्रोलचा नाका आहे. मूळ पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवा.

मग गाडीने कुठेच जायचं नाही का? जायचं. ॲरिझोनातली आपली कितीतरी मंडळी पुएर्तो पेन्यास्कोच्या समुद्रावर जातात, आणि मीही त्यांना नको म्हणत नाही. लूकव्हिलला सीमा ओलांडायची, सोनोयता गाव पार करायचं, आणि 8 क्रमांकाचा सरळ रस्ता साधारण शंभर किलोमीटर. हा भाग वरच्या पंचवीस किलोमीटरच्या नियमाला अपवाद असलेल्या परवानामुक्त पट्ट्यात येतो, बान्हेर्सितोची भानगड नाही. अमेरिकन कर्मचाऱ्यांनाही दिवसा हा रस्ता खुला असतो. सान डिएगोकरांसाठी तिहुआना ते एन्सेनादा हा समुद्रकाठचा टोलरस्ता आहे, तोही उजेडात ठीक. ऑगस्ट 2022 मध्ये तिहुआना, मेक्सिकाली, रोसारितो इथे एकाच दिवशी गाड्या जाळल्या गेल्या होत्या, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी तिथल्या अमेरिकन वकिलातीची सूचना वाचून निघा. मेक्सिकालीकडे जाणार असाल तर ला रुमोरोसा घाटात वाऱ्याचा जोर विचारात घ्या. उंच गाड्या तिथे उलटतात.

तुम्ही डॅलसचे. आई-बाबांना मेक्सिको दाखवायचंच असेल तर मेक्सिको सिटीला विमानाने जा, तिथे ॲपवरून टॅक्सी घ्या, रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवू नका. ग्वानाह्वातो आणि सान मिगेल दे आयेंदे करायचं असेल तर लेओन किंवा केरेतारोच्या विमानतळावर उतरा आणि हॉटेलमार्फत गाडी ठरवा. सेलाया, सालामांका, इरापुआतो हा त्या राज्याचा दक्षिण भाग टाळा, तेलचोरीच्या टोळ्यांची मारामारी तिथलीच. सहा तिकिटांचा खर्च गाडीपेक्षा जास्त होईल, हे मान्य. दोन रात्री कमी करा, पण विमानानेच जा.

आणि पुढे कधी ॲरिझोनाला मुक्काम पडला आणि पेन्यास्कोचा बेत ठरला, तर लूकव्हिलचं फाटक रात्री 8 वाजता बंद होतं हे लक्षात ठेवा. रविवारी संध्याकाळी तिथे लांब रांग लागते, म्हणून किनाऱ्यावरून दुपारीच निघा. उशीर झालाच तर सोनोयताहून पूर्वेला काबोर्का-आल्तारच्या रस्त्याने नोगालेस गाठायचा प्रयत्न करू नका, तो सोनोरा राज्यातला सर्वांत वाईट पट्टा आहे. पेन्यास्कोतच आणखी एक रात्र हॉटेल घ्या, ऑफिसला सोमवारची सुट्टी कळवा आणि उजाडल्यावर निघा.